स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणताना : 'यो', 'शो' आणि आपली बोली

वर्धाकाठ (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी १०:१५

नमस्कार. गेली तीन वर्षे मी स्पॅनिश शिकत आहे. त्यातले पहिले दीड वर्ष पुण्यातल्या एका वर्गात माद्रिदच्या वळणाची स्पॅनिश शिकण्यात गेले. पुढे कार्यालयीन कामासाठी बुएनोस आयरेसच्या सहकाऱ्यांशी रोज बोलावे लागले, तेव्हा तिथल्याच एका शिक्षकांकडे मी ऑनलाइन शिकवणी लावली. बघता बघता माझ्या तोंडातून माद्रिद उतरले आणि रिओ दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर, म्हणजे बुएनोस आयरेस आणि मोन्तेविदेओ येथे बोलली जाणारी स्पॅनिश तिथे येऊन बसली. हा धागा त्याबद्दल आहे, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या एका अवघड प्रश्नाबद्दल आहे.

ज्यांना स्पॅनिशची ओळख नाही त्यांच्यासाठी फरक सांगते. जवळच्या माणसाला स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत 'तू' म्हणतात, अगदी आपल्या 'तू'सारखे. आर्जेन्टिनात त्या जागी 'बोस' येते आणि क्रियापदही बदलते. 'तुझ्याकडे आहे' हे सांगायला माद्रिदचा माणूस 'तू त्येनेस' म्हणेल, बुएनोस आयरेसचा 'बोस तेनेस' म्हणेल. हे 'बोस' मुळात अनेकवचनी आणि आदरार्थी, म्हणजे आपल्या 'तुम्ही'च्या कुळातले. स्पेनमध्ये ते झिजत गेले आणि अखेर वापरातून गेले. मेक्सिको आणि लिमा या व्हाइसरॉयांच्या दरबारी शहरांनी स्पेनच्या मागोमाग 'तू' धरले, पण दरबारापासून दूरच्या मुलखांत 'बोस' टिकले आणि सलगीचे झाले. गंमत अशी की त्याच्यासोबत येणारी बाकीची रूपे मात्र 'तू'चीच राहिली आहेत. 'तुम्ही तुझी छत्री घेऊन जा' हे वाक्य मराठीत जसे दिसेल तशी ही घडण आहे, आणि तिथे कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

दुसरा फरक उच्चाराचा. स्पॅनिशमध्ये 'एल' हे अक्षर जोडीने लिहिले की पूर्वी त्याचा उच्चार 'ल्य' होत असे. आज बहुतेक स्पॅनिश जगात, माद्रिदमध्येही, तो 'य' झाला आहे; रस्ता 'काल्ये' न राहता 'काये' झाला. बुएनोस आयरेस त्याच्याही पुढे गेले. तिथे या 'य'चा घासून उच्चारलेला 'झ' झाला आणि गेल्या शतकात त्याचाही 'श' होत गेला. म्हणून तिथे रस्ता 'काशे', पाऊस 'शुबिया', आणि 'मी' या अर्थाचा 'यो' हा शब्दच मुळी 'शो'.

आता माझ्याबद्दल. माझे माहेर वर्धा जिल्ह्यातले. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो : डोळ्याचा डोया, सगळ्यांचे सगये, केळीची केयी. अठराव्या वर्षी मी पुण्याच्या वसतिगृहात आले आणि पहिल्याच आठवड्यात खानावळीत 'केयी संपली का?' असे विचारून बसले. पुढचे सहा महिने कोणी ना कोणी माझ्या ताटाशेजारी केळे ठेवून 'घे, तुझी केयी' म्हणत असे. त्यात दुष्टावा नव्हता, हे मलाही कळत होते. तरीही दिवाळीला घरी गेले तोवर माझा 'ळ' इतका घट्ट झाला होता की आजीने 'कोण्या गावची वो तू?' असे विचारले.

पंधरा वर्षांनी त्याच शहरातल्या स्पॅनिशच्या वर्गात शिक्षिका म्हणाल्या की 'ल्य'चा 'य' करणे हा दोष नाही, आज तेच सर्वमान्य आहे. ते वहीत उतरवून घेताना माझे पेन थांबले. आज मी 'शो' म्हणते तेव्हा सहकारी कौतुक करतात. परक्या देशाची प्रादेशिक भाषा मी हौसेने, घोकून, आरशात ओठ पाहत शिकले, आणि स्वतःची बोली पुण्यात इतकी वर्षे उघडपणे बोलले नाही. इथे ज्यांनी कुठल्याही प्रांताची स्पॅनिश शिकली आहे, त्यांना असे काही जाणवले आहे का? 'शो' म्हणणारी मी नेमकी कोण?

कडूनिंब | शनिवार, दुपारी १२:४०

धागा प्रामाणिक आहे, तरी थोडे कडू बोलतो. शिकणाऱ्याने प्रथम सर्वत्र चालेल अशी भाषा शिकावी. प्रांत, लकब, शहरी ढब या गोष्टी पाहुण्याने नंतर पाहाव्यात. मी नोकरीच्या निमित्ताने मेक्सिकोच्या ग्राहकांशी स्पॅनिशमध्ये बोलतो. माझ्या तोंडून 'बोस' ऐकले तर ते हसतील, आणि 'तू आर्जेन्टिनात राहत होतास का?' हा पहिला प्रश्न विचारतील. उत्तर नकारार्थी असेल तर माझी फजिती. जी ओळख आपण जगलो नाही ती उच्चारातून दाखवणे हे मला दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला जाण्यासारखे वाटते. परीक्षेचाही विचार करावा. माझ्या वर्गात उत्तरपत्रिकेत 'बोस' लिहिले की लाल शाई ठरलेली होती.

वऱ्हाडीबद्दल आपल्याला जे सोसावे लागले त्याचे वाईट वाटते, पण तो प्रश्न मराठीचा आहे. तो स्पॅनिशच्या खांद्यावर कशाला द्यावा?

दर्यावर्दी | शनिवार, रात्री ११:०५

मी सहा वर्षांपासून बुएनोस आयरेस येथे राहतो. मूळ मालवणचा. उशिरा लिहितो आहे, कारण इथे आत्ता कुठे दुपार झाली आहे.

आधी कडूनिंब यांच्या लाल शाईबद्दल. स्पेन सरकारची भाषाप्रसार संस्था इन्स्तितुतो सेर्वान्तेस हिच्या 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेत कोणत्याही मान्य प्रादेशिक वळणाची स्पॅनिश चालते. अट एवढीच की उमेदवाराने ती सुसंगतपणे वापरावी. आपली लाल शाई त्या वर्गाची होती, भाषेची नव्हती. 'सर्वत्र चालणारी' स्पॅनिश म्हणून जी दाखवली जाते तीही कुठली तरी असतेच. आपल्या वर्गात 'तुम्ही सगळे' यासाठी 'बोसोत्रोस' घोकून घेतले असेल. ते स्पेनबाहेर, लॅटिन अमेरिकेत, रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. मेक्सिकोच्या ग्राहकांसमोर तेही तितकेच परके वाटेल.

'बोस'ला मान फुकट मिळालेला नाही. आंद्रेस बेयो या काराकासमध्ये जन्मलेल्या पंडिताने १८४७ मध्ये खास अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिले आणि त्यात 'बोस'ला अशिष्ट ठरवले. चिलीच्या शाळांनी ते इतके मनावर घेतले की तिथे 'बोस' हे सर्वनाम सभ्य बोलण्यातून हटले. क्रियापदांच्या शेपटीत मात्र ते अजून वळवळते. आर्जेन्टिनाच्या शाळांतही पिढ्यानपिढ्या मुलांनी फळ्यावर 'तू'ची रूपे गिरवली आणि मधल्या सुट्टीत 'बोस' म्हटले. १९४१ मध्ये आमेरिको कास्त्रो या स्पॅनिश विद्वानाने इथल्या भाषेच्या अवनतीवर पुस्तक लिहिले, तेव्हा इथल्या बोर्हेस या लेखकाने त्याची लेखी खिल्ली उडवली. १९४३ नंतरच्या लष्करी राजवटीत तर रेडिओवर लुन्फार्दोला, म्हणजे इथल्या गल्लीबोळातल्या शब्दभांडाराला, बंदी आली आणि टँगोच्या गाण्यांचे शब्द बदलून ती गाइली गेली. आर्जेन्टिनाच्या साहित्य अकादमीने 'बोस' रीतसर मान्य केले ते १९८२ मध्ये.

लुन्फार्दोचा आणि इथल्या सुराचा उगम स्थलांतरात आहे. १९१४ च्या जनगणनेत देशातली सुमारे ३० टक्के माणसे परदेशात जन्मलेली होती आणि राजधानीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. त्यातले बहुसंख्य इटालियन आणि स्पॅनिश. कामाला इथे 'लाबुरो' म्हणतात, ते इटालियन 'लावोरो'. वाक्याचा चढउतार नेपल्सच्या इटालियनशी जुळतो, असे ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. अक्षरे उलटी करून बोलण्याचीही रीत आहे, त्यात टँगोचा 'गोतान' होतो. आम्ही शाळेत 'च'ची भाषा बोलत असू, तसलाच प्रकार, फक्त तो इथे मोठी माणसेही करतात.

आता वर्धाकाठ ताई, थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. आपण 'शो' आणि 'डोया' यांना एका पंक्तीत बसवले आहे. ते मला पटत नाही. 'शो' ही राजधानीची बोली आहे. दूरचित्रवाणीवर, बातम्यांत, जाहिरातींत, फुटबॉलच्या समालोचनात तीच ऐकू येते. इथल्या माणसाला 'पोर्तेन्यो' म्हणजे बंदरवाला म्हणतात, आणि बंदरवाल्याच्या बोलीला या देशात पुण्याच्या मराठीचा दर्जा आहे. वऱ्हाडीची बहीण शोधायची असेल तर हजार-बाराशे किलोमीटर उत्तरेला तुकुमान, साल्ता, सान्तियागो देल एस्तेरो येथे जावे लागेल. तिथे 'पेर्रो' म्हणजे कुत्रा या शब्दातला जोडीचा 'र' कंप पावत नाही. 'र' आणि 'झ' यांच्या मधला घासत जाणारा आवाज निघतो. मुलाला 'पीबे' न म्हणता 'चांगो' म्हणतात. सान्तियागोत आजही केचुआ या अँडीजमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेची एक शाखा बोलली जाते आणि शब्दाअंती 'स' इतका ठसठशीत येतो की त्यावरून माणसाचे गाव ओळखतात. ही गावे जुनी आहेत : सान्तियागो १५५३ चे, आणि बुएनोस आयरेस दुसऱ्यांदा वसले ते १५८० मध्ये. स्वातंत्र्याची घोषणाही १८१६ मध्ये तुकुमानलाच झाली. तरीही तिकडचा तरुण राजधानीत नोकरीला आला की पहिल्या वर्षात आपला 'र' खिशात घालतो. माझ्या शेजारच्या इमारतीचा रखवालदार साल्ताचा आहे. दारावर तो आमच्याशी एका 'र'ने बोलतो आणि फोनवर आईशी दुसऱ्या.

जाता जाता, आपल्याच पदरचे एक. पहिल्या आठवड्यात मी भाजीवाल्याकडे आत्मविश्वासाने एक किलो 'बताता' मागितला. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला, तेव्हा शब्द चालेल असे वाटले. त्याने रताळी दिली. इथे बटाट्याला केचुआतला 'पापा' हा शब्द आहे आणि 'बताता' म्हणजे रताळेच. मूळ कॅरिबियन शब्दाचा अर्थही तोच होता, चूक युरोपात झाली. त्या दिवशी रताळ्याची भाजी केली.

सदाफुली | रविवार, सकाळी ९:२०

दर्यावर्दी यांच्या प्रतिसादाला जोडून सेव्हिल्यातला अनुभव लिहिते. मी तिथे दोन वर्षे शिकत होते.

सेव्हिल्या ज्यात येते त्या दक्षिण स्पेनच्या आन्दालुसिया प्रांतात शब्दाच्या शेवटचा 'स' विरून 'ह' होतो किंवा नाहीसाच होतो. 'लोस निन्योस' म्हणजे मुले, ते तिथे 'लोह निन्योह' असे ऐकू येते. माद्रिदमध्ये 'कासा' म्हणजे घर आणि 'काथा' म्हणजे शिकार हे वेगळे उच्चारले जातात. सेव्हिल्या शहरात दोन्हीकडे 'स' येतो, आणि आसपासच्या बऱ्याच खेड्यांत दोन्हीकडे 'थ'. यातला पहिला प्रकार संपूर्ण लॅटिन अमेरिकेत आहे, कारण सोळाव्या शतकात तिकडे गेलेल्यांत आन्दालुसियाच्या लोकांचा भरणा मोठा होता आणि जहाजे सेव्हिल्याच्या नदीतून सुटत होती. त्यामुळे तो प्रतिष्ठित. दुसरा प्रकार गावंढळ मानला जातो. आपल्याकडचे 'पाणी' आणि 'पानी' आठवावे. (बोबड्या राजाची नक्कल करता करता स्पेनमध्ये 'थ' आला, ही गोष्ट कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. ती दंतकथा आहे.)

मला लिहायचे आहे ते वेगळेच. मी प्रेमापोटी माझ्या घरमालकीणबाईंसारखा 'स' गिळू लागले, तेव्हा त्या दुखावल्या. त्यांना वाटले की मी त्यांची नक्कल करते आहे. स्पेनच्या विनोदी मालिकांत मोलकरीण आणि गावचा विदूषक यांना हीच बोली देण्याची जुनी खोड आहे, त्यामुळे परक्याच्या तोंडी ती आली की यांना आधी थट्टाच ऐकू येते. माद्रिदसारखे बोलणाऱ्या परदेशी माणसाला 'किती छान शिकलास' म्हणतात. त्यांच्यासारखे बोलणाऱ्याला 'आम्हाला हसतोस का?' असे विचारतात. ज्या बोलीची नक्कल कौतुक ठरते ती आधीच सुरक्षित असते, असा मी त्यातून अर्थ काढला. वर्धाकाठ यांच्या 'शो'ला टाळ्या का मिळतात, याचे उत्तर कदाचित यात असेल.

२००७ च्या आन्दालुसियाच्या स्वायत्तता कायद्यात या बोलीची प्रतिष्ठा जपण्याचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. स्पॅनिशचे पहिले व्याकरण १४९२ मध्ये लिहिणारा नेब्रिहाही सेव्हिल्याजवळच्या लेब्रिहा गावचा. बाईंना हे सांगितले, तर म्हणाल्या, 'तो सालामान्काला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला असणार.'

कडूनिंब | रविवार, दुपारी १:३०

'देले'बद्दलची दुरुस्ती मान्य. 'बोसोत्रोस'चा टोलाही बसला. मी मेक्सिकोत ते एकदा वापरले होते आणि समोरच्यांनी मला पाद्री समजावे इतके शांतपणे ऐकून घेतले होते. कोटाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. सदाफुली यांचा अनुभव माझ्याच बाजूने बोलतो.

उंबरठा | रविवार, रात्री ८:५०

मी टेक्सासमध्ये एका शाळेत शिकवते, म्हणून या चर्चेतली एक राहिलेली बाजू लिहिते. इथे स्पॅनिश शिकणाऱ्यांत निम्मी मुले अशी असतात की ज्यांच्या आजीची ती मातृभाषा आहे. त्यांची आजी शाळेत असताना मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. तिने ती भाषा मुलांना मुद्दाम दिली नाही आणि आता नातवंडे ती परकी भाषा म्हणून शिकायला येतात. 'मला माहीत नाही' हे स्पॅनिशमध्ये 'नो से' असे अनियमित रूप आहे. घरी अर्धवट शिकलेले मूल नियमाने 'नो साबो' म्हणते, आणि अशा मुलांना चिडवायला तेच नाव पडले आहे. अलीकडे हीच मुले ते नाव टी-शर्टवर मिरवू लागली आहेत.

कडूनिंब, ही मुले 'त्रोका' म्हणतात. इथल्या सीमेवरच्या स्पॅनिशमध्ये ट्रकसाठी हा शब्द आहे आणि तो इंग्रजीवरून घडलेला आहे. पाठ्यपुस्तकात 'कामिओन' आहे. मी पहिल्या वर्षी 'त्रोका' खोडून 'कामिओन' लिहीत होते. एका मुलाने विचारले, 'मग माझे आजोबा आयुष्यभर काय चालवत होते?' त्यानंतर मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते. हा कोट दुसऱ्याचा नाही, आजोबांचाच आहे. फक्त मध्ये एक पिढी तो पेटीत होता.

वर्धाकाठ (धागाकर्ती) | पुढचा शनिवार, रात्री १०:२५

सर्वांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. दर्यावर्दी, राग आला नाही, पण दोन दिवस अस्वस्थ होते हे खरे. मी राजधानीची बोली शिकले आणि तिला गावाकडची समजून तिच्यात आपले गाव शोधत बसले. म्हणजे स्पॅनिशमध्येही मी पुण्यालाच गेले की! कडूनिंब यांना एवढेच सांगते की कोट बदलणार नाही. रोजची माणसे ज्या पद्धतीने बोलतात त्याच पद्धतीने मी त्यांना उत्तर देते, आणि ते मला सहज येते. फक्त आता त्याला बंडखोरी म्हणणार नाही.

आज शिकवणीच्या वेळी जे घडले ते सांगण्यासाठी मुख्यतः लिहिते आहे. मी सरांना विचारले की आपण मूळचे बुएनोस आयरेसचेच का? वर्षभरात हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'तुकुमान.' अठराव्या वर्षी ते राजधानीत शिकायला आले होते. मी म्हटले, 'अर्रोस' म्हणजे तांदूळ, हा शब्द घरी म्हणतात तसा म्हणून दाखवा. ते हसले, आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिले, आणि मग दर्यावर्दींनी लिहिलेला तो घासत जाणारा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. लगेच दुसऱ्यांदा, नेहमीच्या थरथरत्या 'र'ने, त्यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला, जणू पुसून घेतला. विद्यार्थ्यांना चुकीचे वळण लागू नये म्हणून काळजी घ्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या वर्षी वर्गमित्र त्यांना 'चांगो' म्हणून हाक मारत. त्यातही दुष्टावा नव्हता म्हणे.

मग त्यांनी मला माझा शब्द विचारला. मी आधी 'केळी' म्हटले. सरांनी तीनदा प्रयत्न केला. 'ळ' काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेना, कधी 'केली' झाले तर कधी 'केरी'. तेव्हा मी म्हटले, आमच्या घरी 'केयी' म्हणतात. त्यांचा चेहरा खुलला. हा तर आपल्याला जमण्यासारखा आहे, असे म्हणून त्यांनी तो वहीत रोमन 'वाय' घालून लिहून घेतला, वही कॅमेऱ्यासमोर धरली, आणि सवयीने मोठ्याने वाचला, 'केशी'.